जुन्या बास्केटबॉल कार्डांची खरी किंमत कशी काढली: माझा अनुभव

मामांनी अमेरिकेहून आणलेल्या, बास्केटबॉल खेळाडूंची चित्रे असलेल्या संग्राह्य कार्डांचा भाव नागपुरात कोणी सांगेना. सीताबर्डीच्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानदाराने हात वर केले, आणि मोबाइलवर शोधले तर एकाच कार्डाच्या किमती शंभर रुपयांपासून लाखापर्यंत दिसत, याचा फार वैताग आला.

अखेर उपयोगी पडले ते असे. प्रथम कार्डाच्या मागील बाजूवरील कंपनी, वर्ष व क्रमांक टिपला. तोच तपशील ई-बे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर टाकून केवळ विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारा पर्याय निवडला, कारण विक्रेता मागतो तो भाव नव्हे, तर ग्राहकाने मोजलेली रक्कम हीच किंमत. मग कार्ड उजेडात तिरपे धरून कोपरे, कडा, ओरखडे आणि चारही बाजूंच्या पट्टीची रुंदी तपासली, व तशाच अवस्थेतील अलीकडच्या विक्रींशी तुलना केली. पीएसए या कार्डांची अवस्था तपासून श्रेणी देणाऱ्या कंपनीची 10 ही सर्वोच्च श्रेणी मिळालेल्या कार्डाचा भाव श्रेणी न लावलेल्या सुट्या कार्डाला लावू नये.

1990 च्या आसपासची कार्डे भरमसाट छापली गेल्याने बहुतेक स्वस्तच निघतात. मात्र फ्लीअर कंपनीच्या 1986 च्या संचातील 57 क्रमांकाचे, बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे मौल्यवान कार्ड सापडल्यास ते मुळीच न पुसता वेगळे ठेवावे.