आमदारकीच्या उमेदवाराने शेतकऱ्यांसाठी काय केलं, हे कागदावर कसं तपासायचं

प्रचारपत्रकात 'मतदारसंघात इतक्या कोटींची कामे' असा आकडा हमखास असतो. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात: राज्य किंवा केंद्राच्या योजना, आमदाराने शिफारस करून आणलेली कामे आणि नुसत्या घोषणा. तपासणीची सुरुवात यांची फारकत करण्यापासून होते.

पीएम किसानचे वर्षाचे ६ हजार, नमो शेतकरी महासन्मान निधी, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या हे सगळं सरकारचं. पात्र शेतकऱ्याला ते आमदार कुठल्याही पक्षाचा असला तरी मिळतंच, म्हणून ते यादीतून सरळ खोडा. मात्र पात्र असूनही ज्यांची नावं आधार किंवा बँक खात्याच्या घोळात अडकली, त्यांचं काम कुणी मार्गी लावलं, हे गावात जरूर विचारा.

मतदानाच्या किमान दोन महिने आधी लागा. माहिती अधिकारात उत्तरासाठी ३० दिवस असतात आणि पहिल्या अपिलात आणखी महिना सहज जातो. अर्ज ऑनलाइनही करता येतो. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. 'आमदारांनी काय काय केले' असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच येणार. जिल्हा नियोजन अधिकारी कार्यालयाकडे असं मागा: 'आमदार स्थानिक विकास कार्यक्रमांतर्गत मागील पाच आर्थिक वर्षांत अमुक मतदारसंघात शिफारस झालेल्या कामांची यादी. प्रत्येक कामाचे नाव, गाव, शिफारशीचा दिनांक, प्रशासकीय मान्यतेची रक्कम, कार्यान्वयीन यंत्रणा, झालेला खर्च, सद्यस्थिती.'

या कार्यक्रमाचा पैसा म्हणजेच आमदार निधी, २०२२ पासून तो वर्षाला ५ कोटी आहे. यादी हाती आली की पेन घेऊन बसा. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, गावाची कमान एका बाजूला. पाणंद रस्ता (शेतात जाणारी वाट), ओढ्यावरचा छोटा पूल, बंधाऱ्याची दुरुस्ती दुसऱ्या बाजूला. सभामंडप वाईट नाही, पण पावसाळ्यात ट्रॅक्टर शिवारातच रुतून बसत असेल आणि ऊस किंवा टोमॅटो बाहेर काढता येत नसेल, तर पैसा कुठे गेला ते या दोन बेरजा सांगतात. शिफारशींच्या तारखाही बघा. साडेचार वर्षं शांतता आणि आचारसंहितेच्या तोंडावर शिफारशींची रांग, असं चित्र बऱ्याच याद्यांत दिसतं.

आमदार निधी हा छोटा हिस्सा. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली ग्रामविकासाची कामं २५१५ या लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातला खर्चाचा क्रमांक) येतात, रस्ते बहुतेक ३०५४ आणि ५०५४ खाली. त्यांच्या याद्या जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. मंजुरीचे शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मिळतात. सोबतच्या प्रपत्रात गावनिहाय कामं दिलेली असतात.

एक काम शेवटापर्यंत धरा

सगळी यादी तपासत बसू नका. शेतीशी थेट संबंध असलेली तीन-चार कामं निवडा आणि प्रत्येकाचा माग काढा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश), मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहिलेली वही) नोंद, अंतिम देयक (शेवटचं बिल). नारळ फुटतो तो यातल्या कुठल्याही टप्प्यावर, कधी कधी तर पहिल्याच्याही आधी. मोठ्या सिंचन प्रकल्पात 'सुप्रमा मिळवून दिली' असा दावा असतो. सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणजे वाढलेल्या खर्चाला मंजुरी. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात प्रकल्पाला तरतूद किती झाली, ते वेगळं बघावं लागतं. तरतूद नाममात्र असेल तर कालव्याच्या चाऱ्या (शेतापर्यंत पाणी नेणारे छोटे पाट) कोरड्याच राहणार.

मग जागेवर जा, पण योग्य महिन्यात. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मे महिन्यात बघून काहीच कळत नाही. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या (कुठे ढापे म्हणतात), बसले पाहिजेत. ते वेळेत बसले का, खांबांमधले किती गाळे मोकळे आहेत, रबरी सील आहे की चिखल आणि चिंध्या कोंबल्यात, खालच्या अंगाला पाणी पाझरतंय का, हे पाहा. बर्गे चोरीला गेलेत आणि नवे आलेच नाहीत, ही नेहमीची रड. दुरुस्तीचं देयक निघालं असेल आणि डिसेंबरात बंधारा रिकामा असेल, तर त्या कामाचा शेतकऱ्याला शून्य उपयोग. पाणंद रस्त्याला हीच परीक्षा जुलैत द्यायला लावा: मुरूम पसरलाय की नुसती माती, बाजूला चर आहेत का, आणि रस्ता शिवाराच्या टोकापर्यंत जातो की मध्येच कुणाच्या तरी बांधावर संपतो.

सभागृहातलं काम

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवाही मिळते. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा यांत उमेदवाराचं नाव शोधा. इथे एक खाच आहे. एकाच प्रश्नाखाली दहा-पंधरा आमदारांची नावं असतात. नाव अकरावं असेल आणि चर्चेत एकही उपप्रश्न नसेल, तर ती फक्त सही. प्रश्नाची भाषाही वाचा. 'शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय' याला 'हे खरे नाही' एवढंच उत्तर मिळतं आणि पुढच्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही'. महसूल मंडळाचं नाव, पीक विम्याचे नाकारलेले दावे, जळालेली रोहित्रं यांचे आकडे घालून विचारलेला प्रश्न टाळणं मंत्र्याला अवघड जातं. उमेदवार मंत्री राहिला असेल तर त्या काळातले प्रश्न शोधू नका. मंत्री प्रश्न विचारत नाहीत. त्याने दिलेली आश्वासनं शोधा आणि ती पुरी झाली का ते बघा.

तालुक्यातही दोन इतिवृत्तं मागा. पंचायत समितीची आमसभा आमदाराच्या अध्यक्षतेखाली होते, ती पाच वर्षांत किती वेळा झाली? आणि कालव्याच्या लाभक्षेत्रात असाल तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनांबद्दल (पाणी सोडायच्या पाळ्या), विशेषतः टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांबद्दल, उमेदवार काय बोलला?

कारखाना, बँक, बाजार समिती

ग्रामीण महाराष्ट्रात उमेदवाराचा खरा दाखला बऱ्याचदा इथेच सापडतो. नवखा उमेदवार असेल तर इथे आणि जिल्हा परिषदेच्या इतिवृत्तातच. साखर कारखाना त्याच्या ताब्यात असेल तर एफआरपी (उसाला कायद्याने द्यावाच लागणारा किमान दर) बघा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. साखर आयुक्तालयाच्या तक्त्यात थकबाकी शून्य दिसली म्हणून लगेच समाधान मानू नका. काही कारखाने हप्त्यांत पैसे घेण्याच्या करारावर शेतकऱ्याची सही घेतात. लेखी करार असला की १४ दिवसांचं बंधन लागू होत नाही. चार सभासदांच्या पासबुकातल्या तारखा जास्त खरं बोलतात.

सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल सभासदाला मिळतो. त्यातला लेखापरीक्षणाचा वर्ग आणि दोषदुरुस्ती अहवाल वाचा. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी किंवा ८८ खाली नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली आहे का, हे सहकार खात्याच्या संबंधित निबंधक कार्यालयात विचारा. ८३ ची चौकशी म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही. ८८ चा आदेश त्याहून बराच गंभीर.

शपथपत्र, म्हणजे नमुना २६, अर्ज भरल्यावरच निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर येतं, तेव्हा ते शेवटी. लोक मालमत्तेच्या आकड्यावरच थांबतात. तुम्ही देणी, सरकारी थकबाकी आणि सरकारशी असलेल्या कंत्राटांचा रकाना वाचा, आणि मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा. कंत्राटाच्या रकान्यातलं नाव तुमच्या कार्यादेशांवरही दिसलं, तर त्या कामाची मोजमाप पुस्तिका आधी मागवा.

प्रचारसभेत प्रश्न विचारायची संधी मिळालीच तर भाषण करू नका. कामाचं नाव घ्या आणि प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक, दिनांक आणि आजपर्यंतचा खर्च एवढंच विचारा.