जुनं कार्ड बंद कधी होणार? अ‍ॅक्सेस कंट्रोलमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा आयटीआय करून पुण्यात नोकरी शोधायला लागलात, तर सीसीटीव्ही आणि अ‍ॅक्सेस कंट्रोलची (कार्ड दाखवून दार उघडणाऱ्या यंत्रणेची) कामं घेणाऱ्या एखाद्या इंटिग्रेटरकडे चिकटण्याची शक्यता बरीच. मीही तसाच आलो. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, आणि सोबत शिडी, ड्रिल, केबलचं भेंडोळं. तेव्हा नवी दारं बसवायची कामं जास्त असायची. आता विचारणा येते ती अशी: "आमची जुनी कार्डं काढून स्मार्ट कार्ड करून द्या, जमलं तर मोबाइलवरही." कोटेशनमध्ये हे दोन ओळींत मावतं. नवं कार्ड चालू करायला फारसं डोकं लागत नाही. जुन्या कार्डाची वाट बंद करताना खरा कस लागतो.

लोक ज्याला 'पंचिंग कार्ड' म्हणतात ते बहुतेक ठिकाणी 125 किलोहर्ट्झचं असतं. दाराजवळच्या रीडरच्या क्षेत्रात आलं की त्याला वीज मिळते आणि ते आपला नंबर सांगत सुटतं. समोर कोण आहे याची चौकशी नाही. सर्वांत प्रचलित 26 बिटांच्या फॉरमॅटमध्ये 8 बिट फॅसिलिटी कोडचे (साइटचा क्रमांक), 16 बिट कार्ड नंबरचे आणि 2 पॅरिटीचे (चूक तपासायला). म्हणजे कोड जेमतेम 256 आणि प्रत्येक कोडखाली 65,536 नंबर. शेजारच्या कंपनीच्या कार्डावर तोच कोड आणि तोच नंबर निघाला, तर आश्चर्य वाटू देऊ नका.

हे ग्राहकाला पटवायला मी भाषण देत नाही. अ‍ॅडमिन हेडची लेखी परवानगी घेतो (ही पायरी कधीही गाळू नका, नसती बिलामत अंगावर येईल), त्यांचं कार्ड हातात मावणाऱ्या, कार्डाची नक्कल करणाऱ्या कॉपियरवर धरतो, बटण दाबतो, बीप. मग टी5577 या पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपचा कोरा टॅग धरतो, दुसरं बटण, बीप. तो टॅग घेऊन सर्व्हर रूमचं दार उघडतो आणि त्यांना लॉग दाखवतो. तिथे नाव त्यांचंच आलेलं असतं. बजेटची चर्चा त्यानंतर फार लांबत नाही.

मग प्रश्न येतो की कोणतं स्मार्ट कार्ड. इथे सावध. 13.56 मेगाहर्ट्झचं प्रत्येक कार्ड बाजारात 'स्मार्ट' म्हणून विकलं जातं, आणि त्यात मायफेअर क्लासिक हे जुनं कार्डही येतं. त्याची क्रिप्टो-1 ही गुप्त पद्धत डिसेंबर 2007 मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी बर्लिनच्या परिषदेत उघडी पाडायला सुरुवात केली. 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी ती पुरती मोडली. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी शोधनिबंध थांबवायला कोर्टात गेली आणि हरली. इतकं होऊनही ही कार्डं अजून नव्या साइटवर दिसतात, कारण स्वस्त पडतात. तुम्ही सुचवायचं ते एईएस 128 हे भक्कम एन्क्रिप्शन वापरणारं, म्हणजे डेसफायर ईव्ही2, ईव्ही3 किंवा त्या तोडीचं.

पण डेसफायर घेऊनही फसलेल्या साइट मी पाहिल्यात. चिपमध्ये भक्कम कुलूप आहे, आणि रीडर मात्र फक्त चिपचा अनुक्रमांक, म्हणजे यूआयडी, वाचतोय. यूआयडी कोणालाही वाचता येतो, त्याला 'की', म्हणजे गुप्त डिजिटल किल्ली, लागत नाही. मग महागडं कार्ड आणि जुनं पंचिंग कार्ड यांत फरक तो काय राहिला?

ओळखायची युक्ती सोपी आहे. खिशातलं मेट्रो कार्ड किंवा टॅप होणारं बँकेचं कार्ड रीडरला लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये इव्हेंट बघा. 'प्रवेश नाकारला' असं लिहून पुढे एखादा नंबर आला, तर रीडर यूआयडी वाचतोय. अशा साइटवर लोक "माझा फोन का चालत नाही?" असंही विचारतात. अँड्रॉइड फोन साधारणपणे दर वेळी नवा, 08 ने सुरू होणारा यूआयडी देतो. लॉगमध्ये एकाच फोनचे वेगवेगळे नंबर दिसले की समजून जा.

आता वायर. याकडे नव्या पोरांचं लक्षच जात नाही. रीडरपासून कंट्रोलरपर्यंत (दार उघडायचं की नाही ते ठरवणारा बॉक्स) वीगँड ही जुनी जोडणी असेल (डेटाच्या दोन तारा: हिरवी डी0, पांढरी डी1), तर कार्ड कितीही भारी असलं तरी नंबर भिंतीतून उघडाच जातो. रीडर खोलून मागे एक चिमुकलं सर्किट जोडलं की सगळं नोंदवता येतं. म्हणून ओएसडीपी, म्हणजे रीडर आणि कंट्रोलर यांच्यातला नवा प्रोटोकॉल. आरएस-485 वर चालतो, दोन्ही बाजूंनी बोलतो, रीडर काढला तर कंट्रोलरला कळतं, आणि 2020 पासून तो आयईसी 60839-11-5 या नावाने आंतरराष्ट्रीय मानकही आहे. केबल ट्विस्टेड पेअर हवी. जुनी सहा-कोअर केबल कमी अंतरावर कधीकधी चालून जाते, पण त्या भरवशावर कोटेशन देऊ नका. प्रत्येक रीडरला वेगळा पत्ता, लांब लाइनच्या टोकाला 120 ओहमचा रेझिस्टर.

आणि एक गोष्ट, जी कमिशनिंगच्या गडबडीत राहून जाते: ओएसडीपीची सुरक्षित वाहिनी (नंबर गुप्त करून पाठवणारी) चालू करताना जी डीफॉल्ट की वापरतात ती मानकातच छापलेली आहे. हेक्समध्ये 30, 31, 32 अशी 3एफ पर्यंत. ती बदलून, ही डीफॉल्ट की स्वीकारणारा इन्स्टॉल मोड बंद करूनच साइट सोडायची.

कार्डातल्या कीचा प्रश्न तांत्रिक कमी आणि व्यवहाराचा जास्त. ती कोणाच्या ताब्यात? विक्रेत्याकडेच राहिली, तर ग्राहक पुढची कार्डं सांगेल त्या भावाने त्याच्याकडूनच घेणार. मी टेंडरच्या टप्प्यालाच विचारायला लावतो. मोठे ग्राहक कीचे दोन भाग करून दोन माणसांकडे ठेवतात, म्हणजे एकट्याला पूर्ण की कधी दिसत नाही. हा विषय काढला की काही सेल्सवाले नाराज होतात. होऊ द्या.

मोबाइलबद्दल थोडक्यात. एनएफसी असेल तर फोन रीडरला टेकवावा लागतो, ब्लूटूथला अंतर जास्त. त्यामुळे लिफ्ट लॉबीत नुसत्या उभ्या असलेल्या माणसामुळे काचेचं दार उघडत राहतं. रेंज जागेवर उभं राहूनच कमी करावी लागते. आयफोनच्या वॉलेटमधला कर्मचारी बॅज आयओएस 15 पासून आला, पण त्यासाठी रीडर आणि सॉफ्टवेअर दोन्ही मान्यताप्राप्त लागतात. चाकणकडच्या काही कारखान्यांत तर फोन आत नेऊच देत नाहीत. तिथे कार्डच.

बदल एका रात्रीत होत नसतो. त्यासाठी जुनं-नवं दोन्ही वाचणारे रीडर बसवतात आणि मजल्यामागून मजला कार्डं वाटतात. हाउसकीपिंग, कँटीन, सिक्युरिटी एजन्सीची माणसं यादीत हमखास शेवटी राहतात. त्यांच्यासाठी म्हणून 125 किलोहर्ट्झ चालू ठेवलं जातं, आणि मग ते चालूच राहतं. तोवर कॉपियरवाला टॅग पूर्वीसारखाच दार उघडतो. म्हणून मी वर्क ऑर्डरमध्येच जुनं वाचन बंद करण्याची तारीख आणि जबाबदार माणसाचं पद लिहून घेतो, आणि कंत्राटी कामगारांची कार्डं आधी छापतो. डेटाबेस त्याच्याही आधी साफ करायचा. सोडून गेलेल्यांची कार्डं नव्या सिस्टिममध्ये आयात करून ठेवलेली मी पाहिली आहेत.

मॅग्नेटिक लॉकचा (वीज असेपर्यंत दार धरून ठेवणाऱ्या चुंबकी कुलपाचा) पुरवठा फायर अलार्मच्या रिलेतून थेट तुटला पाहिजे, सॉफ्टवेअरच्या भरवशावर नाही. हँडओव्हरच्या दिवशी अलार्म चालू असताना असं दार स्वतः ढकलून बघा.

शिकायचं कुठून? पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पीएन 532 मॉड्यूल (कार्ड वाचणारा छोटा बोर्ड) विचारा, सोबत एक आर्डुइनो आणि दोन-चार वेगवेगळी कार्डं घ्या. आपल्याच कार्डांचे यूआयडी वाचा, मायफेअर क्लासिकचे सेक्टर (मेमरीचे कप्पे) उघडून बघा, मग डेसफायरला तेच करून बघा आणि ते कुठे अडवतं ते वहीत लिहा. सोबत आयपी अ‍ॅड्रेसिंग आणि व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) पक्कं करा, कारण कंट्रोलर आता नेटवर्कवर बसतात आणि ग्राहकाच्या आयटी विभागाशी तुम्हालाच बोलायचं असतं.