चोळल्यावर चकाकीचा रंग बदलणारे स्फटिक: चाचणी कशी घ्यायची

काही स्फटिक अतिनील दिव्याखाली चमकतात, आणि चोळल्यावर त्या चकाकीचा रंग बदलतो. नुसतं दाबून इथे काम होत नाही, चोळावं लागतं. चारही बाजूंनी सारखा दाब दिला तर काही स्फटिकांत रंग फार हळू सरकतो. माणिकाच्या चकाकीतली 694 नॅनोमीटर तरंगलांबीची लाल रेषा एका गिगापास्कलला, म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणांच्या दाबाला, जेमतेम 0.365 नॅनोमीटर हलते. ते डोळ्यांना दिसणार नाही. चोळल्यावर मात्र रेणूंचे थर एकमेकांवरून घसरतात आणि त्यांची रांग मोडते. चकाकी ठरते ती शेजारचा रेणू किती जवळ आणि कसा बसलाय यावरून, म्हणून तिचा रंगही बदलतो.

शिकायला डायफ्लुओरोबोरॉन अ‍ॅव्होबेन्झोन उत्तम. सनस्क्रीनमधल्या अ‍ॅव्होबेन्झोनपासूनच ते बनतं. तयार, कोरडी पूड 5 मिलिग्रॅम घ्या. द्रावक राहिला असेल तर रेणू लगेच पुन्हा रांगेत बसतात आणि चाचणी फसते. सोबत काचेची स्लाइड, कापसाची काडी, हॉटप्लेट, 365 नॅनोमीटरचा अतिनील दिवा आणि अतिनील अडवणारा चष्मा लागेल. हातमोजे घालाच.

पूड स्लाइडवर काडीने पसरा, जास्तीची झटकून टाका. थर इतका पातळ हवा की खालची अक्षरं वाचता यावीत. जाड थरात फक्त वरचा पापुद्रा बदलतो, खालचा जुना रंग त्यात मिसळतो आणि निकाल मळकट दिसतो. आता स्लाइड 110 अंशांवर 10 मिनिटं ठेवा. पसरवताना विस्कटलेले रेणू इथे परत जुळतात. ही पायरी गाळलीत तर तुलनेला मूळ रंगच उरत नाही. मग स्लाइड पूर्ण थंड होऊ द्या. कोमट काचेवर ओढलेली रेघ बघता बघता पुसट होते.

अंधारात दिवा लावा. थर निळसर-हिरवा दिसेल. काडी थोडी तिरकी धरून एकदाच ओढा: तिच्यामागे पिवळट पट्टा उमटतो. काडी रेटलीत तर पूडच खरवडून निघते. फोटो काढताना कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स आधीच कायम करून ठेवा, नाहीतर कॅमेरा आपणहून रंग सारखे करतो.

स्लाइडखाली साधा पांढरा कागद नको. त्यातली उजळवणारी द्रव्यं अतिनील प्रकाशात स्वतःच निळी चमकतात, आणि बऱ्याच जणांची गफलत इथेच होते. काळा, न चमकणारा कागद घ्या, आणि तोही आधी दिव्याखाली तपासा.

बदल खरा की पूड नुसती पातळ झाली, हे पारखायला स्लाइड पुन्हा गरम करा. रेणूंची रांग मोडली असेल तर पट्टा मूळ रंगावर येतो. पूडच निघून गेली असेल तर तिथे फिकटपणा तसाच राहतो. खोलीच्या तापमानालाही रंग हळूहळू परततो, तेव्हा मोजमाप चोळल्यावर लगेच घ्या आणि वेळ टिपून ठेवा.