चवळीची उसळ : दाणा अख्खा, रस दाट

चवळी लवकर शिजते हा तिचा मोठा गुण, आणि नेमकी त्याच गुणामुळे ती बऱ्याच घरांत बिघडते. हरभऱ्याच्या हिशेबाने कुकरच्या चार-पाच शिट्ट्या झाल्या की सालं सुटतात, दाणे फुटतात आणि उसळीऐवजी लगदा ताटात येतो. मग मुलं नाक मुरडतात आणि चवळी महिनोन्‌महिने डब्यात पडून राहते. एवढ्या पौष्टिक कडधान्यावर हा अन्यायच आहे. म्हणून इथे मसाल्याआधी शिजवण्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

चवळी कुठली घ्यावी

बाजारात मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक पांढरी, टपोरी, काळ्या डोळ्याची. दुसरी बारीक, तांबूस. पांढरी चटकन शिजते, रस्सा दाट करते. तांबडी शिजायला थोडी हट्टी, पण चवीला खमंग, आणि मला विचाराल तर उसळीसाठी तीच सरस. कोकणात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर चवळी पेरतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण सदाबहार’ हे वाण तिकडचंच. गोव्यात चवळीला अळसांदे म्हणतात आणि पेडण्यातल्या कोरगावचे अळसांदे विशेष नावाजलेले आहेत.

घेताना दाणा हातात घेऊन पाहा. बारीक गोल भोक दिसलं तर आत भुंगा होऊन गेला, ती पिशवी परत ठेवा. फार जुनी चवळी कितीही भिजवली तरी टणक राहते, म्हणून वर्षाची एकदम भरण्यापेक्षा किलो-अर्धा किलो आणलेली बरी.

भिजवणं आणि शिजवणं

चार माणसांसाठी २०० ग्रॅम चवळी निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजवा. पांढरीला ४ ते ५ तास पुरतात, तांबडीला ७-८ तास द्या. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवलं तर पाणी आंबतं. तेव्हा पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. भिजवलेलं पाणी ओतून टाका. पोटात गॅस करणाऱ्या शर्करा काही प्रमाणात त्या पाण्यात उतरलेल्या असतात.

आता ताज्या पाण्यात, दाण्यांच्या वर दोन बोटं पाणी येईल इतपत, मध्यम आचेवर शिजवायला ठेवा. कुकरमध्ये पांढरीला १ शिट्टी, तांबडीला २, आणि वाफ आपोआप जिरू द्या. त्या जिरण्यातही दाणा शिजत असतो, हे धरूनच गॅस बंद करायचा. वेळ असेल तर उघड्या पातेल्यात शिजवा: २५ ते ३५ मिनिटं लागतात, पण मधूनमधून पाहता येतं. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. साल शाबूत राहून आतला गर लोण्यासारखा पसरला की झालं. मध्ये पांढरा, पिठूळ कण लागला तर आणखी ५ मिनिटं.

कोकम, चिंच, टोमॅटो यांतलं काहीही दाणा मऊ होण्याआधी घालू नका. आंबटाने साल घट्ट होते आणि मग तास उलटला तरी चवळी शिजत नाही. बोअरच्या जड पाण्यानेही असंच होतं. अशा वेळी काही जण चिमूटभर सोडा टाकतात. दाणा मऊ पडतो खरा, पण त्यातलं ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. त्यापेक्षा पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरावं.

उसळ

अर्धी वाटी सुकं खोबरं, एक उभा चिरलेला कांदा, ५-६ लसूण पाकळ्या, चमचाभर धणे, ४ मिरी आणि २ लवंगा थोड्या तेलावर खरपूस भाजून बारीक वाटा. कांदा चांगला तपकिरी होईपर्यंत धीर धरा, रश्श्याचा रंग आणि चव तिथेच ठरते.

कढईत दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद. त्यावर बारीक चिरलेला एक कांदा परतून दीड-दोन चमचे मालवणी मसाला, नसेल तर घरचं तिखट आणि गोडा मसाला. मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. चवळी शिजवलेल्या पाण्यासकट ओता. हे पाणी मात्र फेकायचं नाही, विरघळलेली जीवनसत्त्वं त्यात आहेत. पळीभर दाणे कढईच्या कडेला घोटून रश्श्यात मिसळा, म्हणजे तो आपसूक दाट होतो. मीठ, सुपारीएवढा गूळ, ३-४ आमसुलं घालून मंद आचेवर ८-१० मिनिटं उकळू द्या. वरून कोथिंबीर.

गोव्यातल्या अळसांद्यांच्या तोणाकाची, म्हणजे रस्साभाजीची, तऱ्हाही याच धर्तीची, फक्त खोबरं ओलं घेतात आणि सोबत पाव असतो.

अंगाला काय लागतं

१०० ग्रॅम सुक्या चवळीत साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे वरच्या उसळीत माणशी १०-१२ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ५५ किलोच्या बाईची जवळजवळ पाव गरज एका वाढणीत भागते. शिवाय तांदूळ-ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं, ते चवळीत भरपूर. आणि चवळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते धान्यातून मिळतं. उसळ-भाकरी हा जोड म्हणूनच पक्का.

फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व ही चवळीची खरी श्रीमंती. गरोदरपणी आणि त्याआधीही ते फार गरजेचं असतं, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी चवळी खाल्ली म्हणून बंद करायची नाही. लोहही आहे, मात्र वनस्पतीतलं लोह शरीर सहजी घेत नाही. पानात लिंबाची फोड घ्या आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. चोथा भरपूर असल्याने साखर रक्तात सावकाश चढते, मधुमेह असलेल्यांना हे सोयीचं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियममुळे किती खायची ते डॉक्टरांना विचारा. सवय नसलेल्यांनी अर्ध्या वाटीने सुरुवात करावी.

भिजवलेली चवळी उरली तर

चवळी मूळची आफ्रिकेतली. नायजेरियात भिजवलेल्या चवळीची सालं काढून, वाटून, फेटून अकारा नावाचे वडे तळतात, न्याहारीला. आपल्याकडे सालासकट, पाणी न घालता भरड वाटा. त्यात आलं, हिरवी मिरची, जिरं, चिरलेला कांदा, कोथिंबीर. मीठ अगदी तळायच्या आधी घाला, नाहीतर कांद्याला पाणी सुटून वडे फुटतात. मध्यम तापलेल्या तेलात चपटे वडे थापून सोडा, दोन्ही बाजूंनी तांबूस होऊ द्या.