वेदनेचा रिसेप्टर रोखणारे पेप्टाइड कसे विकसित करावे

वेदनाशामक पेप्टाइडच्या (अमिनो आम्लांच्या लहान साखळीच्या) कामात आधी लक्ष्य ठरवावे आणि मग रेणू शोधावा. ज्या रिसेप्टरबद्दल (संदेश ग्रहण करणाऱ्या पेशीवरील प्रथिनाबद्दल) किंवा आयन चॅनेलबद्दल (पेशीच्या पटलातील विद्युतभारित कणांच्या वाटेबद्दल) माणसातला पुरावा हाती आहे, त्यालाच प्राधान्य द्यावे. एनएव्ही १.७ या सोडियम चॅनेलचे जनुक निकामी असलेल्या व्यक्तींना जन्मतःच वेदना जाणवत नाही, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर कोळ्यांच्या विषातील पेप्टाइडांकडे या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. मात्र याच कुळातील एनएव्ही १.५ हृदयाचे ठोके सांभाळते, म्हणून निवडकतेची, म्हणजे पेप्टाइड फक्त हव्या त्याच लक्ष्यावर काम करते का याची, चाचणी पहिल्या दिवसापासून करावी.

आरंभीचा रेणू बहुधा निसर्गातच सापडतो. शंखगोगलगायीच्या विषातील २५ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडची कृत्रिम प्रत म्हणजे झिकोनोटाइड. ते एन-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल अडवते आणि २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

घन कणांवर एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी वाढवणे आज यंत्राचे काम आहे; खरी कसोटी तिची घडी घालताना, म्हणजे तिला योग्य आकार देताना, लागते. सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांच्या जोड्यांत डायसल्फाइड बंध होतात; साखळीत सहा सिस्टीन असतील तर असे तीन बंध १५ प्रकारे जुळू शकतात आणि त्यांपैकी सहसा एकच जुळणी उपयोगाची असते. त्यासाठी पेप्टाइड अत्यंत विरल ठेवावे, म्हणजे रेणू एकमेकांना चिकटत नाहीत, आणि किंचित अल्कधर्मी द्रावणात ग्लुटाथिओन या लहान गंधकयुक्त रेणूची क्षपित व ऑक्सिडीकृत अशी दोन्ही रूपे घालून चुकीचे बंध सुटून पुन्हा जुळण्यास वाव द्यावा. सर्व जुळण्यांचे वस्तुमान सारखेच असल्याने केवळ वस्तुमान मोजून समाधान मानू नये. नैसर्गिक नमुना उपलब्ध असल्यास तो आपल्या पेप्टाइडात मिसळून एचपीएलसीमधून (मिश्रणातील रेणू वेगळे करून आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रातून) सोडावा. दोन शिखरे दिसली तर दोन्ही रेणू एकसारखे नाहीत आणि घडी चुकलेली असू शकते.

यानंतर एकेक अमिनो आम्ल अ‍ॅलानिन या साध्या अमिनो आम्लाने बदलून कोणती जागा अत्यावश्यक आहे ते पॅच क्लॅम्पने (पेशीच्या पटलातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजण्याच्या तंत्राने) तपासावे. ही मोजणी मानवी रिसेप्टर व्यक्त करणाऱ्या पेशींवरच व्हावी, असा माझा आग्रह आहे. व्हीसी १.१ हे पेप्टाइड उंदरांमध्ये आश्वासक ठरले होते, परंतु त्याचे लक्ष्य मानल्या गेलेल्या निकोटिनिक रिसेप्टरच्या मानवी रूपावर त्याचा प्रभाव फार कमी असल्याचे उशिरा कळले आणि रुग्णांवरील चाचण्या थांबवाव्या लागल्या. इतक्या वेदनाग्रस्तांची आशा ज्यावर टेकलेली असते, तेथे हा क्रम उलटा ठेवणे मला क्षम्य वाटत नाही.

टिकाऊपणासाठी साखळीची दोन टोके जोडून वलय करावे किंवा मेदाम्ल जोडावे, आणि प्रत्येक बदलानंतर निवडकता पुन्हा मोजावी. औषध द्यायचा मार्गही याच टप्प्यावर ठरवावा. झिकोनोटाइड रक्तातून मज्जारज्जूपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून ते पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावे लागते. त्याने गोंधळ व भासही होऊ शकतात, त्यामुळे दिवसाला २.४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसलेल्या मात्रेने आरंभ करून ती सावकाश वाढवली जाते.