टिकाऊ नूतनीकरण कसे करावे: काम झाकले जाण्याआधी काय तपासावे

घराचे नूतनीकरण संपले की डोळ्यांत भरते ती नवी फरशी, भिंतींचा रंग आणि कपाटांचे गुळगुळीत पल्ले. काम किती वर्षे टिकणार हे मात्र त्यांच्या मागे आणि खाली जे झाकले गेले त्यावर ठरते: फरशीखालचा उतार, गिलाव्याला मारलेले पाणी, भिंतीतल्या नळांचे सांधे, प्लायवुडच्या थरांमधला डिंक. म्हणून इथे पायऱ्यांचा क्रम काम कधी झाकले जाते त्यानुसार लावला आहे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी काहीतरी कायमचे दृष्टीआड होते. ते होण्याच्या आदल्या दिवशी काम थांबवून स्वतः पाहण्याची शिस्त पाळली, तर पुढची पुष्कळ तोडफोड टळते.

पहिली पायरी: ओल कुठून येते ते शोधा

नूतनीकरणाची सुरुवात हातोड्याने करू नये. आधी काही आठवडे, जमल्यास पावसाचे दिवस धरून, घरात ओल कुठे आणि केव्हा येते याची नोंद ठेवावी. जमिनीतून वर चढणारी ओल सहसा साधारण एक मीटरच्या आत थांबते आणि तिच्या वरच्या कडेला क्षारांची पांढरट रेघ उमटते. गळक्या नळाचा डाग ऋतू कोणताही असला तरी जागा सोडत नाही, तर पावसाची ओल पावसाबरोबर वाढते आणि ओसरते. भिंतीतच पाणी आहे की खोलीतली वाफ थंड भिंतीवर साचते आहे, अशी शंका असेल तर जागा कोरडी पुसून तिथे ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर चौकोन चारही कडांना चिकटपट्टी लावून डकवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर दोष हवेतल्या ओलाव्याचा आहे आणि खेळती हवा हा त्यावरचा उपाय आहे. फॉइल सोडवल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी आतून येते आहे. कारण न शोधता वर चढवलेला महागडा रंग काही महिन्यांत पोपडे धरतो.

एखादी भिंत पाडायची किंवा तिच्यात मोठा दरवाजा काढायचा असेल तर ती भार पेलणारी आहे की नुसती आडभिंत आहे, हे संरचना अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावे. भिंतीवर ठोकून आवाजावरून निर्णय घेणे धोक्याचे आहे, मग ठोकणारा कितीही अनुभवी असो.

दुसरी पायरी: कारागीर निवडा आणि साहित्य लिहून घ्या

कारागीर आपले गेल्या महिन्यातले काम हौसेने दाखवतो. आपण मात्र चार-पाच वर्षांपूर्वीचे काम पाहायला मागावे आणि तिथे गेल्यावर सिंकखालचे कपाट उघडावे. तळाच्या फळीच्या कडा फुगल्या आहेत का, पल्ले अजून एका रेषेत मिटतात का, बिजागरीचे स्क्रू सैल झाले आहेत का, हे पाहिले की बरेच काही कळते. फरशीचे कापलेले तुकडे कुठे आले आहेत तेही पाहावे. ज्याने खोली मापून आधी मांडणी ठरवली असेल त्याच्या कामात समोरासमोरच्या भिंतींलगत सारख्या रुंदीचे तुकडे येतात आणि दोन बोटांच्या चिंचोळ्या पट्ट्या सहसा दिसत नाहीत.

कोपरा काटकोनात आहे का हे आपल्यालाही तपासता येते. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांची खूण करावी, दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांची. दोन खुणांमधले तिरके अंतर बरोबर ५ फूट भरले पाहिजे. भिंत सरळ आहे का ते पाहण्यासाठी २ मीटर लांबीची सरळ पट्टी तिच्यावर उभी, आडवी आणि तिरकी टेकवावी. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर त्या भिंतीवर कपाट किंवा फरशी नीट बसणार नाही.

करारात 'उत्तम प्रतीचे साहित्य' असे लिहिण्याला काहीच अर्थ नाही, कारण त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावतो. प्लायवुडची प्रत आणि जाडी, नळाचा प्रकार आणि व्यास, फरशीचा लॉट क्रमांक, रंगाचे किती हात, हे सगळे शब्दांत आणि आकड्यांत लिहून घ्यावे. पैशांचे हप्ते तारखांना न बांधता तपासणीला बांधावेत आणि शेवटचा हप्ता काम वापरून पाहिल्यावरच द्यावा. त्याच वेळी कारागिराला पुरेसा वेळ देणे ही आपली जबाबदारी आहे. सिमेंट, लाकूड आणि रंग यांना वाळायला व मुरायला जो काळ लागतो तो घाईने कमी होत नाही, आणि वाईट ठरलेले बरेचसे काम हे मुळात घाईने करवून घेतलेले काम असते.

तिसरी पायरी: नळ आणि तारा, भिंत बंद होण्याआधी

नळ टाकून झाले की भिंत बुजवण्याआधी सगळी तोंडे बंद करून नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाणी भरावे आणि काही तास दाबमापकाचा काटा हलत नाही ना ते पाहावे. काटा उतरला तर कुठला तरी सांधा गळतो आहे, आणि आज तो हाताच्या अंतरावर आहे. लोखंडी नळ तांब्याच्या किंवा पितळी भागाला थेट जोडला असेल तर ओलाव्यात लोखंड लवकर गंजते. अशा ठिकाणी दोन धातूंना वेगळे ठेवणारा जोड वापरावा लागतो.

विजेचे काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावे आणि तारा नळीतून अशा ओढाव्यात की पुढे त्या भिंत न फोडता बदलता येतील. मग मोजपट्टी भिंतीला लावून, ती स्पष्ट दिसेल असे, प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. पाच वर्षांनी खिळा कुठे ठोकू नये हे त्यातूनच कळेल.

चौथी पायरी: नहाणीघर, जिथे सर्वाधिक वेळ द्यावा

घरातल्या इतर कोणत्याही खोलीपेक्षा इथे चूक महाग पडते, म्हणून या कामाचा क्रम नीट समजून घ्यावा. आधी कोबा, म्हणजे फरशीखालचा सिमेंटचा थर, करताना पाणी वाहून नेणाऱ्या जाळीकडे उतार काढला जातो. दर मीटरला १ ते २ सेंटीमीटर उतार पुरतो, पण तो कोब्यातच असला पाहिजे. फरशी लावताना मालाचा (सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचा) थर कमीजास्त करून काढलेला उतार फरशीवरचे पाणी नेतो आणि खाली झिरपलेले पाणी आहे तिथेच ठेवतो. कोबा मुरला की मगभर पाणी सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ओतावे आणि नुसते पाहत उभे राहावे. पाणी कुठे रेंगाळते, कुठे वळते, कुठे तळहाताएवढे डबके उरते, हे त्या दोन मिनिटांत दिसते. डबके उरलेल्या जागी खडूने गोल करून ती दुरुस्त करून घ्यावी.

त्यानंतर वॉटरप्रूफिंगचा लेप. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे आधी मालाची गोलाई काढावी, कारण टोकदार कोपऱ्यात लेप पातळ बसतो आणि तिथेच पहिल्यांदा तडकतो. लेप जमिनीवरून भिंतीवर किमान १५ ते ३० सेंटीमीटर चढवावा आणि शॉवरच्या भिंतीवर डोक्याच्या उंचीपर्यंत न्यावा. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने द्यावा म्हणजे सुटलेल्या जागा भरतात. जाळी आणि नळ जिथून बाहेर येतात ती भोके सर्वांत नाजूक असतात. तिथे लेपात कापडी जाळीची पट्टी बसवून घ्यावी. लेप पूर्ण सुकल्यावर जाळीचे तोंड बंद करून काही सेंटीमीटर पाणी भरावे, कडेला पेन्सिलने पातळीची खूण करावी आणि २४ ते ४८ तास ते तसेच ठेवावे. थोडे पाणी वाफेने कमी होतेच, म्हणून नुसत्या पातळीवर न थांबता खालचे छत आणि पलीकडच्या भिंती हात लावून पाहाव्यात.

माझ्या घरातल्या नहाणीघराच्या पहिल्या कामात ही चाचणी झाली नाही. फरशी सुंदर बसली होती. दीड वर्षाने शेजारच्या खोलीत गुडघाभर उंचीपर्यंत रंगाला फुगे आले. फरशी उखडल्यावर दिसले की लेप जमिनीपुरताच होता, भिंतीवर वळवलेला नव्हता, आणि जाळीभोवतीच्या खाचेत माल भरला होता पण त्यावर लेप नव्हता. लेप चांगल्या प्रतीचाच होता. तो कुठपर्यंत न्यायचा हे चुकले, आणि तेवढ्यासाठी सगळे काम पुन्हा करावे लागले.

फरशी निवडताना तिच्या पाठीवर पाण्याचे काही थेंब टाकून पाहावेत. साधी सिरॅमिक फरशी ते झटकन पिते, तर खऱ्या व्हिट्रिफाइड फरशीची पाणी शोषण्याची क्षमता ०.५ टक्क्यांच्या आत असते आणि थेंब तसेच राहतात. भिंतीला पहिली चालते, ओल्या जमिनीला दुसरी हवी, आणि तिचा पृष्ठभाग घसरडा नसावा. फरशी चिकटवताना चार कोपऱ्यांत आणि मधोमध मालाचे गोळे ठेवून ती दाबणे ही सर्रास आढळणारी वाईट पद्धत आहे. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचते आणि जड वस्तू पडली की नेमकी तिथेच फरशी फुटते. चिकटद्रव्य दातेरी थापीने एकाच दिशेने ओढून पसरावे, आणि काम चालू असताना एखादी ताजी बसवलेली फरशी उचलून पाहावी: ओल्या जागेत तिची जवळपास सगळी पाठ, म्हणजे ९५ टक्के, मालाने भरलेली दिसली पाहिजे. सुकल्यावर प्रत्येक फरशीवर नाण्याने टकटक करावी. पोकळ आवाज आला तर ती त्याच आठवड्यात बदलून घ्यावी. दोन फरश्यांमध्ये २ ते ३ मिलिमीटर दर्ज, म्हणजे भरायची फट, ठेवावी. सांधे नकोत म्हणून फरश्या एकमेकींना भिडवल्या, तर तापमानाने प्रसरण पावल्यावर त्या उचलल्या जातात. भिंतीच्या आतल्या कोपऱ्यांत आणि जमिनीच्या सांध्यात मात्र सिमेंटची दर्ज न भरता सिलिकॉन भरावे, कारण तिथे थोडी हालचाल होतच राहते. संगमरवर असेल तर आंबूस वासाचे सिलिकॉन वापरू नये. त्यातून सुटणारे आम्ल दगडाला डागते.

पाचवी पायरी: गिलावा आणि रंग

जुन्या भिंतीवर गिलावा करायचा असेल तर ती छिन्नीने टोचून खडबडीत करावी, धूळ धुवावी आणि भिंत ओली करून घ्यावी. कोरडी वीट मालातले पाणी ओढून घेते आणि गिलावा सुटतो. पाणी घातलेला सिमेंटचा माल साधारण अर्ध्या तासात वापरून संपवावा आणि घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालू देऊ नये. पुढचे किमान ७ दिवस गिलावा सतत ओला ठेवावा लागतो. हे कंटाळवाणे काम घरच्यांनी स्वतःकडे घेतले तर उत्तम, कारण ते हमखास टाळले जाते.

रंगाआधी गिलावा सुमारे २८ दिवस मुरू द्यावा. आत ओल शिल्लक आहे का हे पाहण्यासाठी ४५ सेंटीमीटर लांब आणि तेवढेच रुंद पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवावे. आतून बाष्प धरले तर आणखी थांबावे. रंगाच्या टिकाऊपणाचा मोठा भाग घासण्यात, पुट्टीत आणि प्रायमरमध्ये असतो.

सहावी पायरी: लाकूडकाम आणि धातूचे सामान

लाकूड हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगते आणि आकसते, पण ते तंतूंच्या रेषेच्या आडव्या दिशेने. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. म्हणून रुंद फळी दोन्ही कडांना पक्की खिळवली तर ती चिरते, आणि जाणकार सुतार दिलहा (चौकटीतली मधली फळी) चौकटीच्या खाचेत डिंक न लावता सैल बसवतो. घरातल्या कामासाठी लाकडातला ओलावा साधारण ८ ते १२ टक्के असावा, दमट हवेत थोडा अधिक चालतो; ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र लाकूड घेतानाच लावून पाहावे. लाकूड आणल्यावर काही दिवस त्याच खोलीत हवेशीर रचून ठेवावे आणि मगच कापावे.

पाण्याजवळच्या कपाटांसाठी फिनॉलिक डिंकाचे प्लायवुड घ्यावे. त्याच्या थरांमधल्या रेषा गडद तपकिरी असतात, पण नुसत्या रंगावर विसंबू नये. एक छोटा तुकडा मागून काही तास पाण्यात उकळावा. थर सुटले तर तो माल स्वयंपाकघरात नको. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, कोरड्या खोलीत चांगले काम देते, मात्र त्याची प्रत्येक कापलेली कड बंद केलेली हवी, सिंकसाठी कापलेल्या भोकाची आतली कडसुद्धा.

बिजागऱ्या आणि स्क्रू यांत काटकसर करू नये. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते व घरात ते पुरते. समुद्राच्या खाऱ्या हवेत ३१६ प्रत घ्यावी, कारण तिच्यातल्या मॉलिब्डेनममुळे क्षारांनी पडणारे खड्डे कमी होतात. बिजागरी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचे असा मेळ अनेकदा दिसतो. तो बसवतानाच बदलून घ्यावा.

काम संपल्यावर

त्याच लॉटच्या काही फरश्या, प्रत्येक रंगाचा छटा क्रमांक, भिंतींची छायाचित्रे आणि साहित्याच्या पावत्या एका जागी ठेवाव्यात. पहिले काही आठवडे सिंकखाली कोरडा कागद अंथरून ठेवावा; बारीक गळती त्यावर आधी दिसते. वर्ष झाले की सिलिकॉनचे सांधे बोटाने दाबून पाहावेत, आणि जिथे कड सुटलेली लागेल तिथे जुने पूर्ण खरवडून, जागा कोरडी करून नवे भरावे.