दृढीकरणाच्या आधी आणि नंतर: किशोरवयीन मुलाला ख्रिस्ती मार्गदर्शक कसा मिळवून द्यावा

मूल मोठे झाल्याचा विधी बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) असतो. कॅथलिक आणि अँग्लिकन मंडळ्यांत दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्याचा विश्वास पक्का करण्याचा विधी) होते, बॅप्टिस्ट मंडळ्यांत मुले स्वतः विश्वासाची कबुली देऊन बाप्तिस्मा घेतात. अडचण येते ती दुसऱ्या दिवशी. रविवारी बिशपांनी डोक्यावर हात ठेवलेला असतो, फोटो निघालेले असतात, आणि सोमवारी तोच मुलगा पुन्हा ‘लहान आहेस, गप्प बस’ ऐकतो. म्हणून समारंभाच्या आधीचे एक वर्ष आणि नंतरचे एक वर्ष धरूनच आखणी करा.

पहिली पायरी: मार्गदर्शक म्हणून माणूस शोधा. तो आईवडिलांपैकी नसावा. कॅथलिक नियमांनुसार मुलाचे स्वतःचे आईवडील त्याचे धर्मपिता किंवा धर्ममाता (विधीत त्याच्या पाठीशी उभी राहणारी व्यक्ती) होऊ शकत नाहीत. ती व्यक्ती दृढीकरण झालेली आणि साधारणपणे १६ वर्षे पूर्ण केलेली लागते. यात पालकांचा कमीपणा नाही. बायबलमधल्या तरुण तीमथ्याला विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून मिळाला, तरी पुढे मार्गदर्शक म्हणून प्रेषित पौल लागलाच. पाठांतरात हुशार माणूस नेमण्याचा मोह होतो. त्यापेक्षा ‘माझे चुकले’ असे म्हणू शकणारा नेमा. नाव पक्के करण्याआधी मुलाला किंवा मुलीला विचारा. त्यांनी नाक मुरडले तर दुसरे नाव काढा.

दुसरी पायरी: हद्दी ठरवा. भेटी चारचौघांच्या नजरेच्या टप्प्यात व्हाव्यात, वेळ पालकांना माहीत असावी, खासगी संदेशांची देवाणघेवाण लपून नसावी. मुलाने विश्वासाने सांगितलेले चारचौघांत उगाळायचे नाही. मात्र कोणी त्याला इजा करत असेल किंवा तो स्वतःला इजा करण्याचे बोलत असेल, तर ते गुपित राहणार नाही आणि योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचवावे लागेल, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा. यात सवलत नाही.

तिसरी पायरी: ऐका. इथे नमुना बायबलमधल्या म्हाताऱ्या याजक एलीचा; शमुवेल हा त्याच्या हाताखाली देवाची सेवा करणारा मुलगा. शमुवेल रात्री तीनदा धावत आला, ‘तुम्ही हाक मारलीत ना?’ दोनदा एलीने त्याला परत झोपायला पाठवले. तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आले की हाक देवाची आहे. तेव्हा त्याने मध्ये उभे राहून अर्थ सांगितला नाही. ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ एवढे म्हणायला शिकवले आणि मुलाला पुन्हा त्याच्या जागी पाठवले. सकाळी आलेला निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. मुलगा सांगायला घाबरत होता, तरी म्हाताऱ्याने काही न लपवता सांगायला लावले आणि ऐकून घेतले. मार्गदर्शकाची खरी परीक्षा हीच: मुलाचे बोलणे आपल्याला झोंबले तरी ऐकता येते का?

तेव्हा महिन्यातून दोनदा तासभर भेटा. एक उतारा वाचा, मग प्रश्न मुलालाच काढू द्या. ‘प्रार्थना करूनही आजी का गेली?’ असा प्रश्न आला तर तयार उत्तर देऊ नका. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरूंमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्नही विचारत होता. प्रश्न विचारणारे मूल विश्वासातून घसरतेच असे नाही.

चौथी पायरी: खरे काम द्या. खुर्च्या लावणे पुरेसे नाही. आजारी सभासदाला नियमित भेटणे, लहानांचा संडेस्कूलचा वर्ग घेणे, दानपेटीचा हिशेब मोठ्यांसोबत तपासणे: चुकले तर कोणाला तरी फरक पडेल असे काम. चुकेलच. तेव्हा काम काढून घेऊ नका.

पाचवी पायरी: विधीचा दिवस. तो लहान ठेवा. मंडळीचा विधी पाळकांच्या किंवा धर्मगुरूंच्या पद्धतीने होईल. घरचा भाग तुमचा. आईवडिलांनी आणि मार्गदर्शकाने प्रत्येकी एक हस्तलिखित पत्र द्यावे, त्यात उपदेश कमी आणि या वर्षात प्रत्यक्ष पाहिलेला एखादा प्रसंग असावा. मुलाने साक्ष द्यायची (आपल्या विश्वासाचा अनुभव सर्वांपुढे सांगायचा) की नाही, ते त्याने ठरवावे. लाजाळू मुलाला माइकपुढे उभे करण्यात कसला आलाय आशीर्वाद!

त्यानंतर: पुढच्याच महिन्यात मंडळीच्या एखाद्या बैठकीत त्याला बसवा आणि त्याचे मत विचारा. ते मान्य झाले नाही तर कारण सांगा, जसे इतर सभासदांना सांगता. मार्गदर्शकाच्या भेटी वर्षभर चालू ठेवा. वारंवारता आता मुलाने ठरवावी.